फाइंडचं मॅन पान साफ करायला घेताना

टर्मिनलमध्ये ‘मॅन फाइंड’ लिहून एंटर दाबलं की फाइंड या फायली शोधणाऱ्या आज्ञेची माहिती देणारं एक लांबलचक पान उघडतं. हेच तिचं मॅन (मॅन्युअल) पान. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणारे थोडेच. बाकीचे आपण सगळे हवं ते उदाहरण शोधतो, माउसने उचलतो आणि खाली चिकटवून चालवतो. त्यामुळे या पानातली मांडणीची चूक फक्त डोळ्यांना खुपून थांबत नाही, ती वाचणाऱ्याच्या फायलींपर्यंत पोहोचते. उदाहरणार्थ ही ओळ पाहा:

फाइंड . ‐नेम जुने -डिलीट

(या लेखात आज्ञा आणि मॅक्रो, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या छोट्या आज्ञा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं वापरायची. मॅक्रोंची नावं मोठ्या लिपीत, पर्याय लहान लिपीत.)

‘नेम’च्या आधीची रेघ आणि ‘डिलीट’च्या आधीची रेघ सहज पाहता सारखीच वाटते. प्रत्यक्षात पहिली आहे युनिकोडमधला २०१० क्रमांकाचा छापील हायफन आणि दुसरी आहे की-बोर्डवरची साधी रेघ. साध्या रेघेने सुरू होणारा शब्द, सुटा उघडा कंस किंवा उद्गारचिन्ह येईपर्यंतचे सगळे शब्द फाइंडच्या लेखी ‘शोध कुठून सुरू करायचा’ ती ठिकाणं असतात. म्हणजे इथे ‘‐नेम’ आणि ‘जुने’ हीसुद्धा टिंबासारखीच ठिकाणं ठरली, शोधाची अट एकही उरली नाही, आणि पहिल्या ठिकाणाला, म्हणजे टिंबाला, अर्थात चालू फोल्डरला, सरळ ‘डिलीट’ लागू झालं. आतलं सगळं गेलं. ही आज्ञा कृपा करून आपल्या खऱ्या फोल्डरमध्ये करून पाहू नका. खात्री करायचीच असेल तर रिकामा फोल्डर बनवा आणि ‘डिलीट’च्या जागी ‘प्रिंट’ लिहा.

अशी दुरुस्ती करायला सी भाषा यावी लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिलं योगदान कुठून करू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी मॅन पानं सुचवतो. काम बारीक आहे, पण एकदा बसून शिकलं की कुठल्याही प्रकल्पात उपयोगी पडतं.

पायरी १: पान कुठे तयार होतं ते शोधा

तुमच्या संगणकावर बसवलेलं पान ही नुसती प्रत आहे, बहुधा कॉम्प्रेस करून ठेवलेली. तिच्यात बदल करून काही साधत नाही. मूळ फाइल प्रकल्पाच्या रेपोमध्ये, म्हणजे मूळ फायलींच्या साठ्यात, असते. ग्नू फाइंडचं पान फाइंडयुटिल्स या संचात येतं. लोकेट आणि एक्सआर्ग्ज यांची पानंही त्याच संचात आहेत.

फाइल उघडल्यावर शेऱ्यांच्या ओळी ओलांडून पहिली खरी आज्ञा बघा. ‘डॉट टीएच’ दिसलं तर पान मॅन मॅक्रोंमध्ये लिहिलेलं आहे. हे मॅक्रो डग मॅक्इलरॉय यांनी १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससाठी घडवले. ‘डॉट डीडी’ (इथे दुसरा डी लहान) दिसलं तर ते एमडॉक, म्हणजे बीएसडी या युनिक्सच्या शाखेतली पद्धत. मॅकवरचं फाइंड बीएसडीकडून आलेलं असल्याने त्याचं पान एमडॉकमध्ये असतं. या दोन पद्धतींची सरमिसळ करायची नाही. पुढचं सगळं मॅन मॅक्रोंबद्दल आहे.

तिसरी शक्यता अशी की पान कोणी हाताने लिहिलेलंच नसतं. फायलींतला मजकूर शोधणाऱ्या रिपग्रेपचं उदाहरण घ्या. २०२३मध्ये आलेल्या त्याच्या १४व्या आवृत्तीपासून तो प्रोग्रॅम स्वतःच आपलं मॅन पान छापून देतो. तिथे तयार पानात केलेला बदल पुढच्या बांधणीत पुसला जातो. दुरुस्ती करायची ती पर्यायांच्या वर्णनाचा मजकूर जिथे आहे तिथे. पहिल्या पाच मिनिटांत एवढं तपासलं तर दोन संध्याकाळींची मेहनत वाचते.

ग्नूच्या बाबतीत आणखी एक लक्षात असू द्या. मॅन पानाखेरीज फाइंडयुटिल्सचं सविस्तर मॅन्युअल टेक्सइन्फो या ग्नूच्या दस्तऐवज-पद्धतीत वेगळं लिहिलेलं आहे. मॅन पानात उदाहरण चुकलेलं दिसलं तर तेच उदाहरण तिथेही आहे का, ते पाहा.

पायरी २: हात लावण्याआधीचं रूप जपून ठेवा

ही पायरी गाळायचा मोह फार होतो, पण गाळू नका. मूळ फाइल जशी आहे तशी छापून एका मजकूर-फाइलमध्ये साठवा. त्यासाठी ‘मॅन डॅश एल’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं, आणि आउटपुट फाइलकडे वळवला की झालं. त्याआधी ‘मॅनविड्थ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ८० करून घ्या. नाहीतर खिडकीच्या रुंदीप्रमाणे ओळी वेगवेगळ्या तुटतात आणि नंतरची तुलना निरुपयोगी होते. आउटपुट फाइलकडे वळवला की ठळक-तिरप्याच्या खुणा गळून पडतात. त्या टिकवायच्या असतील तर ‘मॅन कीप फॉरमॅटिंग’ हे व्हेरिएबल असतं, त्याच्या नावातले तीन शब्द अंडरस्कोरने जोडलेले आहेत.

त्या फाइलला ‘आधी’ म्हणा. प्रत्येक टप्प्यानंतर पान पुन्हा छापायचं, त्याला ‘नंतर’ म्हणायचं आणि दोन्हींचा ‘डिफ’, म्हणजे ओळवार फरक, काढायचा. मूळ फाइलमध्ये शंभर ओळी बदलल्या आणि छापील पानात काहीच बदललं नाही, हा बऱ्याच सफाईकामात अपेक्षित निकाल असतो. छापील पानात फरक दिसला तर त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पायरी ३: आधी यंत्राला तपासू द्या

दोन साधनं पुरतात. पहिलं मॅनडॉक, ‘डॅश टी लिंट’ या पर्यायासह (इथे टी मात्र मोठ्या लिपीत). ते फाइल वाचून ओळ क्रमांकासह तक्रारी सांगतं: ओळीच्या शेवटी मोकळी जागा आहे, परिच्छेदाचा मॅक्रो वाया गेला आहे, वगैरे. दुसरं ग्रॉफ, म्हणजे मूळ फाइलवरून छापील पान तयार करणारा प्रोग्रॅम. त्याला सगळ्या सूचना दाखवायला सांगायचं (‘डॅश डब्ल्यूडब्ल्यू’) आणि छापील आउटपुट गाळायला सांगायचं (‘डॅश झेड’), की नुसत्या तक्रारी हातात येतात. दोघांची नजर वेगळी आहे, म्हणून दोन्ही चालवा.

नव्याने येणारे इथे हमखास अडखळतात. यादी दोनशे ओळींची निघते आणि ती वरून खाली मिटवत जावंसं वाटतं. तसं करू नका. आधी यादीची प्रकारांप्रमाणे विभागणी करा आणि एका वेळी एकच प्रकार घ्या. काही तक्रारी केवळ शैलीच्या असतात, आणि प्रकल्पाने ती शैली जाणून स्वीकारलेली असू शकते. आणि खरोखर घातक चुका, ज्या मी पुढे सांगतो आहे, त्यातल्या काही या यादीत येतच नाहीत. मजकुरातला साधा हायफन हा यंत्राच्या दृष्टीने अगदी निर्दोष हायफन असतो. तो पर्यायाचा भाग आहे हे माणसालाच कळतं.

पायरी ४: चिन्हं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फाइंडच्या पानात ही पायरी इतर कुठल्याही पानापेक्षा अवघड आहे, कारण फाइंडच्या आज्ञांमध्ये उलटी तिरकी रेघ, कंस, टिंब आणि अवतरणचिन्हं यांचीच गर्दी असते, आणि नेमकी हीच चिन्हं ट्रॉफ या छपाईच्या भाषेत विशेष अर्थाची आहेत.

हायफनपासून सुरुवात करू. मूळ फाइलमध्ये नुसतं - लिहिलं तर ट्रॉफच्या नियमाने तो शब्द जोडणारा हायफन. की-बोर्डवरची साधी रेघ हवी असेल तर \- लिहायचं. त्यामुळे प्रत्येक पर्यायाच्या, प्रत्येक अटीच्या आणि उदाहरणातल्या प्रत्येक आज्ञेच्या रेघेआधी उलटी तिरकी रेघ हवी. गद्यातल्या जोडशब्दात मात्र नको. म्हणूनच ‘सगळे शोधा आणि बदला’ असा सरसकट उपाय इथे चालत नाही, एकेक जागा वाचून ठरवावी लागते.

मग इतकी वर्षं हे कोणाला खुपलं का नाही? युनिकोड टर्मिनलवर छापताना ग्रॉफचे मॅन मॅक्रो मूळ फाइलमधलं -, सुटं अवतरणचिन्ह आणि उलटं अवतरणचिन्ह गुपचूप की-बोर्डवरच्या साध्या चिन्हांमध्ये बदलून देत असत. जुलै २०२३मध्ये आलेल्या १.२३.० आवृत्तीत ही मेहेरबानी काढून टाकली गेली आणि पानोपानी दबलेल्या चुका वर आल्या. डेबियनसारख्या काही लिनक्स वितरणांनी आपल्या स्थानिक मांडणी-फाइलमधून जुनं वागणं परत आणलं. त्यामुळे तुमच्या पडद्यावर पान ठीक दिसतंय म्हणजे मूळ फाइल ठीक आहे असं धरून चालता येत नाही. एक सोपी युक्ती आहे: ग्रॉफने पानाची पीडीएफ काढा. तिथे नुसता हायफन आखूड आणि \- लांब दिसतो, चुकलेली जागा लगेच नजरेत भरते.

पुढची अडचण अवतरणचिन्हाची. फाइंडच्या उदाहरणात नमुना जवळपास नेहमी सुट्या अवतरणात असतो, कारण तारांकन शेलच्या, म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती लागू द्यायचं नसतं. मूळ फाइलमध्ये हे चिन्ह थेट टाइप केलं तर छापताना ते वळलेलं, छापखान्यातलं अवतरणचिन्ह होऊ शकतं. शेलला ते अवतरणचिन्ह वाटतच नाही. तारांकन उघडं पडतं आणि वळलेलं चिन्ह नावाचाच भाग होतं. उपाय असा की त्या जागी उलटी तिरकी रेघ, उघडा कंस आणि लगेच ‘एक्यू’ ही दोन लहान अक्षरं लिहायची. हीच तऱ्हा दोन आणखी चिन्हांची: घरच्या फोल्डरसाठीच्या लाटेरी चिन्हासाठी त्याच रेघ-कंसानंतर ‘टीआय’, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या टोपीच्या चिन्हासाठी ‘एचए’.

आता उलटी तिरकी रेघ. सापडलेल्या फाइलवर दुसरी आज्ञा चालवायला फाइंडमध्ये ‘एक्झेक’ असतं. त्याची आज्ञा अर्धविरामाने संपते आणि तो शेलपासून वाचवायला त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ लावतात, म्हणजे \; असं. मूळ फाइलमध्ये ते जसंच्या तसं लिहिलं की ट्रॉफ ती रेघ गिळतो आणि पानावर नुसता अर्धविराम छापला जातो. वाचणारा तो उचलून चालवतो, शेल अर्धविरामापाशी आज्ञा तोडतो, आणि फाइंड ‘एक्झेकला काहीतरी कमी पडलं’ अशी तक्रार करतं. नवशिक्याला वाटतं की चूक आपलीच. छापलेल्या पानावर रेघ हवी असेल तर मूळ फाइलमध्ये उलट्या तिरक्या रेघेनंतर लहान ‘ई’ लिहायचा आणि मग अर्धविराम.

अटींचे गट करणारे कंस याहून वाईट. शेलसाठी आपण \( आणि \) लिहितो. ट्रॉफमध्ये \( म्हणजे ‘पुढची दोन अक्षरं हे एका विशेष चिन्हाचं नाव आहे’, म्हणून कंस आणि त्यापुढची दोन अक्षरं बिघडतात. आणि \) ही रुंदी नसलेली अदृश्य खूण आहे, ती छापलीच जात नाही. दोन्ही ठिकाणी तोच ‘ई’चा उपाय.

शेवटची तपासणी ओळीच्या सुरुवातीची. टिंबाने किंवा सुट्या अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ ट्रॉफला आज्ञा वाटते. उदाहरणाची ओळ ./ ने सुरू झाली, किंवा लांब आज्ञा मोडताना नमुना पुढच्या ओळीच्या आरंभी गेला, की ती ओळ पानावरून नाहीशी होते. अशा ओळीच्या अगदी सुरुवातीला \& ही अदृश्य खूण टाका. ‘आधी’च्या फाइलमध्ये नसलेली एखादी ओळ ‘नंतर’मध्ये उगवली, तर बहुधा हेच झालेलं असतं: ती ओळ मूळ फाइलमध्ये कितीतरी दिवस होती, वाचकाला ती कधीच दिसली नव्हती.

हे सगळं झाल्यावर पानातलं प्रत्येक उदाहरण, पुन्हा सांगतो प्रत्येक, छापलेल्या पानावरून उचलून एका सरावाच्या फोल्डरमध्ये चालवा. पुसून टाकणारी आज्ञा असेल तिथे ‘प्रिंट’ घाला. कंटाळवाणं आहे, पण मला तरी याहून भरवशाची तपासणी सापडलेली नाही.

पायरी ५: ठळक आणि तिरपं

नियम सोपा आहे. जसंच्या तसं टाइप करायचं ते ठळक, वाचकाने स्वतःचं मूल्य घालायचं ते तिरपं. म्हणजे ‘\-नेम’ ठळक आणि त्यापुढचा ‘पॅटर्न’ तिरपा. टर्मिनलवर तिरपं अक्षर बहुधा अधोरेखित दिसतं, म्हणून केवळ जोर देण्यासाठी तिरपं वापरलं तर वाचकाला तिथे काहीतरी भरायचं आहे असं वाटतं. अशा जागा सापडल्या तर साध्या अक्षरात आणा.

जुन्या पानांत ओळीच्या मध्येच ‘\एफ’ आणि पुढे बी, आय किंवा आर लिहून फॉन्ट बदललेला असतो. ते चालतं, पण परतीची खूण विसरली की पुढचा मजकूर ठळकच राहतो. त्याऐवजी ‘डॉट बी’, ‘डॉट आय’ किंवा जोडमॅक्रो वापरले की ओळ संपताच फॉन्ट आपोआप मूळपदावर येतो. जोडमॅक्रोत, उदाहरणार्थ ‘डॉट बीआर’मध्ये, शब्द आळीपाळीने ठळक आणि साधे होतात आणि मधली मोकळी जागा गळते. म्हणून ‘एक्सआर्ग्ज’ लिहून जागा सोडून कंसात १ आणि त्याला चिकटून स्वल्पविराम, असं लिहिलं की नाव ठळक आणि बाकी सगळं साधं, जोडून छापलं जातं. स्वल्पविरामाआधी चुकून आणखी एक जागा सुटली तर तो तिसरा शब्द ठरतो आणि स्वल्पविराम ठळक होतो. असे ठळक स्वल्पविराम मी फार पाहिले आहेत.

पायरी ६: परिच्छेद आणि ओळी

यात फार वेळ घालवायला नको. मूळ फाइलमधली रिकामी ओळ पानावर जादा मोकळी जागा पाडते. तिथे परिच्छेदाचा ‘डॉट पीपी’ लिहा, किंवा फक्त मूळ फाइल वाचायला सोपी जावी म्हणून जागा हवी असेल तर एकटं टिंब टाका. शीर्षकाच्या ‘डॉट एसएच’नंतर लगेच ‘डॉट पीपी’ निरर्थक आहे, काढून टाका. उदाहरणांभोवती ‘डॉट ईएक्स’ आणि ‘डॉट ईई’ ठेवले की ओळी जशाच्या तशा राहतात.

प्रत्येक वाक्य मूळ फाइलमध्ये नव्या ओळीवर सुरू करण्याचा सल्ला जुना आहे. ब्रायन कर्निगन यांनी १९७४मध्येच तो दिला होता. फायदा आजही तोच: पुढे कोणी एक वाक्य बदललं की डिफमध्ये एकच ओळ दिसते. शिवाय ओळीच्या शेवटच्या पूर्णविरामावरून ट्रॉफला वाक्य संपल्याचं कळतं. तरी अख्खं पान एका बैठकीत असं मोडू नका. ज्या परिच्छेदाला इतर कारणाने हात लावताय, तेवढाच मोडा.

पायरी ७: पाठवणं

माझा पहिला पॅच, म्हणजे पाठवलेल्या बदलांचा संच, परत आला होता. त्यात हायफन, फॉन्ट, मोकळ्या जागा आणि मला खटकलेली दोन वाक्यं, सगळं एकत्र होतं. तपासणाऱ्याने सौम्यपणे लिहिलं की यातलं काय बदललं आणि काय नुसतं हललं हे मला ओळखता येत नाही. ते अगदी बरोबर होतं. तेव्हापासून एका पॅचमध्ये बदलाचा एकच प्रकार ठेवतो: हायफनचा एक, उदाहरणांतल्या चिन्हांचा दुसरा, मोकळ्या जागांचा तिसरा. शब्दरचना बदलायची असेल तर तिचा वेगळा, आणि सगळ्यात शेवटी.

पॅचच्या वर्णनात ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या डिफचा निकाल लिहा: ‘छापील पानात फरक नाही’ किंवा ‘फक्त या चार ओळी बदलल्या, कारण उलटी तिरकी रेघ छापली जात नव्हती’. तपासणाऱ्याचा अर्धा वेळ तिथेच वाचतो. कमिटच्या, म्हणजे रेपोतल्या बदलाच्या नोंदीच्या, पहिल्या ओळीची शैली प्रकल्पाच्या जुन्या नोंदी बघून ठरवा. ग्नूच्या प्रकल्पात मोठ्या बदलासाठी कॉपीराइटची कागदपत्रं मागितली जाऊ शकतात. साधारण पंधरा ओळींच्या आतला बदल त्यासाठी किरकोळ मानतात, म्हणून सुरुवात छोटी असलेली बरी.

एक वर्ग सहसा आठवत नाही, तो म्हणजे भाषांतरकार. पीओफोरए नावाचं साधन मॅन पानाचे परिच्छेद तोडून भाषांतरासाठी देतं, आणि ठळक-तिरप्याच्या खुणाही त्या मजकुरात येतात. तुम्ही एका परिच्छेदात एक फॉन्ट बदललात की त्या परिच्छेदाचं प्रत्येक भाषेतलं भाषांतर ‘पुन्हा तपासा’ अशा खुणेखाली जातं. चूक असेल तर बदल करायलाच हवा. पण ‘डॉट टीपी’ बरं की ‘डॉट आयपी’ बरं (दोन्ही परिच्छेद आत सरकवून मांडणारे मॅक्रो), अशा आवडीनिवडीपायी शंभर नोंदी उलटसुलट करण्याआधी प्रकल्प सांभाळणाऱ्यांना एक ओळ लिहून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत एक्सआर्ग्जचं पान घ्या. तिथेही रेघा, कंस आणि अवतरणचिन्हं आहेतच.